'शरीरसंबंध', 'समागम' की नुसतं 'जवय सरक'?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका लेखिका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या कथेतल्या शेतकऱ्याचं घर न विकलेल्या कापसानं भरलं आहे. भाव चढेल म्हणून थांबले आहेत. नवरा-बायकोची निजायची खोली कापसानं व्यापली, सासू आणि पोरं ओसरीत. नवरा रोज रात्री हरभऱ्याच्या जागलीला, म्हणजे राखणीला, वावरात जातो. एका रात्री बायकोही त्याच्यासोबत जाते. त्या रात्रीबद्दल ताईंनी लिहिलं, 'त्यांच्यात शरीरसंबंध प्रस्थापित झाले.' ते वाचून त्यांना स्वतःलाच परकं वाटलं. 'समागम' लिहिला तर पोथी वाटते, 'प्रणय' लिहिला तर सिनेमा वाटतो. मग बरोबर शब्द कोणता? शिवाय एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला आहे की प्रसंगच काढा, अश्लील दिसेल. काढायचा का?

ताई, प्रसंग अजिबात काढू नका. वाक्य काढा.

'शरीरसंबंध प्रस्थापित झाले' हे ठाण्यातलं मराठी आहे. फिर्याद, जबाब, वैद्यकीय अहवाल आणि त्यांवरून लिहिलेली बातमी, एवढ्याच ठिकाणी ते वापरतात. त्या वाक्यात 'झाले' आहे, पण कोणी काही केलेलं नाही. तो नाही, तीही नाही. तपास करणाऱ्याला गोष्ट घडली की नाही एवढंच हवं असतं, म्हणून त्याचं तेवढ्यात भागतं. तुमच्या वाचकाला मात्र आधी कोण सरकलं, कोण गप्प राहिलं, कोणाच्या डोळ्यांपुढे घरची पोरं आली, हे हवं आहे.

बाकीच्या नामांचीही अशीच गत आहे. 'मैथुन' हा 'मिथुन' म्हणजे जोडी यावरून आलेला शब्द, आता आरोग्याच्या पुस्तकातच उरला. 'रतिक्रीडा' शिल्पांच्या वर्णनात. 'समागम' म्हणजे खरं तर नुसतं एकत्र येणं. संतसमागम म्हणताना आजही कोणी संकोचत नाही. पण एकटा उभा केला की त्याला पोथीचा वास येतोच, तुमचं नाक बरोबर आहे. 'प्रणय' संस्कृतात जिव्हाळा, विश्वास, हक्कानं केलेली मागणी असा मोठा होता. आपण त्याला गाण्याच्या चालीवर नाचवून लहान केला.

आता तुमच्याच गावातलं बोलणं आठवून पाहा. गाईबद्दल बायाबापडेही मोकळं बोलतात. गाय माजावर आली, फळली, गाभण राहिली, हे चारचौघांत, चहा पिता पिता. माणसांबद्दल मात्र नाम सापडत नाही. 'तो तिच्याजवय जात नाई.' 'दोघं एका जागी निजत नाईत.' 'तिले नांदवत नाई.' 'अंगाले हात लावू देत नाई.' अशी वाक्यं पंचायतीत, माहेरच्या बैठकीत, जावाजावांच्या कुजबुजीत हजारदा बोलली जातात आणि त्यांचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही. जवळ जाणं, एका जागी निजणं, नांदणं, ही क्रियापदं नीट पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. त्यांतली बहुतेक जागेची आहेत. वऱ्हाडी बोली त्या क्रियेला नाव देत बसत नाही, ती कुठे आणि किती अंतरावर हे सांगते.

तुमची कथा नेमकी याच ठिकाणी उभी आहे. कापसानं या जोडप्याची जागाच घेतली आहे. भावाची वाट पाहण्यात दोघांमधलं अंतर ओसरीपासून वावरापर्यंत लांबलं आहे. म्हणून वावरातली ती रात्र ही कथेचा कणा आहे. ती काढली तर उरेल फक्त कापसाच्या भावाची बातमी, आणि ती वाचकानं आधीच वर्तमानपत्रात वाचलेली असते.

शब्द कोणता, याचं माझं उत्तर असं : नाम शोधू नका, क्रियापदं आणि बोलणं लिहा. तुमचा प्रसंग मी चार ओळींत मांडून दाखवतो. तुमची लेखणी याहून चांगलं करील, मला फक्त दिशा दाखवायची आहे.

मचाणावर गोधडी एकच होती.
'थंडी वाजून राह्यली काय वं?'
'नाई.'
'मंग जवय सरक नं.'
ती सरकली. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि अंधारात बोटांवरून बोटं फिरवताना मधेच थांबला.
'हे काय झालं?'
'बोंडाचं टोक लागलं. येचतानी.'
'सांगतलं नाई तुनं.'
'कुठी सांगू? घरात तं जागाच नाई.'
त्यानं ते चिरलेलं बोट ओठांशी धरलं. तिनं गोधडी दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. थोड्या वेळानं खाली रानडुकरं हरभऱ्यात शिरल्याचा आवाज आला. दोघांनाही तो ऐकू आला. दोघंही उठले नाहीत.

इथं काय झालं ते सगळ्यांना कळलं, आणि वर उल्लेखलेल्या शब्दांपैकी एकही लागला नाही. त्याहून मोलाचं म्हणजे कथा पुढे सरकली. सकाळी हरभऱ्याचे तास उकरलेले दिसतील. सासू विचारील, जागलीला दोघं होतात ना? त्या प्रश्नाला दोघं मिळून काय उत्तर देतात, यावर पुढची पानं चालतील. शरीराच्या जवळिकीचा प्रसंग कथेत कशासाठी, असं मला विचारलं तर मी एवढंच पाहतो : या रात्रीनंतर त्या दोघांमध्ये असं काही बदललं का, जे दुसऱ्या कुठल्याही प्रसंगानं बदललं नसतं? बदललं असेल तर प्रसंग हवाच, आणि हवा तेवढा मोकळा लिहावा. बदललं नसेल तर तो कितीही सभ्य शब्दांत लिहिला तरी उपराच राहतो. मी दिवाळी अंकांतल्या कितीतरी कथा वाचताना असा प्रसंग आला की पुढचं पान आधी वाचतो. तिथं दोघं काल होती तशीच बोलत असतील, तर लेखकानं ती रात्र वाचकाला धरून ठेवायला घातली, हे उघड होतं. तिथं माझा लेखकावरचा विश्वास उडतो.

तुम्ही 'संभोग' हा शब्द विचारातही घेतला नाहीत. का, ते समजतं. आज तो फार उघडा झाला आहे. पण संस्कृत काव्यशास्त्रात त्याचा अर्थ पुष्कळ रुंद होता. शृंगाररसाचे दोन प्रकार सांगितले आहेत, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलनातला आणि विरहातला. त्या संभोगात एकमेकांकडे पाहणं, बोलणं, रुसवा काढणं, बागेत हिंडणं, हात हातात घेणं, सगळं बसतं. आज आपण त्याचा जो अर्थ घेतो, तो या मोठ्या घरातली एक खोली आहे. जुन्यांच्या हिशेबानं पाहिलं तर तुमच्या कथेत संभोगशृंगार 'बोंडाचं टोक लागलं' इथंच सुरू झाला. या शब्दाचं मूळ 'भुज्' धातूत आहे. त्याच धातूतून 'भोग' आला, आणि आपल्याकडच्या बाया कपाळाला हात लावून 'माह्ये भोग' म्हणतात तोही हाच. उपभोगणं आणि सोसणं एकाच मुळातून निघावं, हे मला फार अर्थाचं वाटतं. लग्न होऊन खेड्यात नांदणाऱ्या बाईच्या आयुष्यात ही दोन्ही एकाच रात्रीत येऊ शकतात. कथालेखकानं त्यांतलं एकच पाहून चालत नाही.

आता वडीलधाऱ्यांचा 'अश्लील'. हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून जरा थांबतो. काव्यशास्त्रात अश्लील हा एक दोष आहे आणि 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटानं त्याचे तीन प्रकार सांगितले : लाज वाटायला लावणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. म्हणजे भलत्या वेळी मरण सुचवणारा शब्दसुद्धा अश्लीलच. हा दोष शब्दाच्या आणि प्रसंगाच्या मेळाचा आहे, विषयाचा नाही. 'ध्वन्यालोक' लिहिणाऱ्या आनंदवर्धनानं कालिदासाच्या कुमारसंभवातल्या शिवपार्वतीच्या शृंगारावर बोट ठेवलं ते याच औचित्याच्या अंगानं. जगाच्या आईबापांचा तसा शृंगार वर्णन करणं अनुचित, पण कवीच्या सामर्थ्यापुढे तो दोष झाकला जातो, असं त्याचं मत. नवरा-बायकोचा शृंगार लिहूच नये असं तो म्हणत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांना आदरानं विचारा : लाज कोणत्या शब्दानं वाटली, किळस कोणत्या ओळीनं आली? ओळ दाखवली तर ऐका. ओळ सापडत नसेल, तर त्यांची हरकत बाईनं हे लिहिण्याला आहे, आणि ती हरकत कथेतल्या कुठल्याही दुरुस्तीनं मिटायची नाही.

ही हरकत मराठीत जुनी आहे. महानुभाव पंथात मानाच्या मानलेल्या सात काव्यांपैकी, म्हणजे साती ग्रंथांपैकी, भास्करभट्ट बोरीकरांचं 'शिशुपाळवध' शृंगारानं इतकं भरलेलं झालं की, ग्रंथ चांगला झाला पण निवृत्तांजोगा, म्हणजे संसार सोडलेल्यांना साजेसा, नाही, असा अभिप्राय पंथातून आल्याचं परंपरा सांगते. भास्करभट्टांनी त्यानंतर 'उद्धवगीता' रचली. पंथाच्या संन्याशांना काय वाचायला द्यायचं, हा पंथाचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. पण 'निवृत्तांजोगा नाही' आणि 'वाईट आहे' यांत त्या लोकांनी गल्लत केली नाही. ग्रंथ चांगला झाला, हे आधी म्हटलं. त्यांनी 'शिशुपाळवध' जाळला नाही. तो आजही आपल्या हातात आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांनाही एवढाच भेद करता आला तर बरं. आपल्या नातीला ही कथा आज वाचायला द्यायची नसेल तर देऊ नये, पण म्हणून तुम्ही ती लिहू नये असं होत नाही.

कायद्याची भीती वाटत असेल तर तेही सांगतो. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयात ते दोषी ठरले. पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं कथा अश्लील नसल्याचं म्हणून त्यांना सोडलं. कथेत लैंगिक उल्लेख आहे एवढ्यावरून ती अश्लील होत नाही, हे त्यात स्पष्ट झालं. तेव्हाचं दंड संहितेचं कलम २९२ गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आलं. साहित्य आणि कलेच्या हितासाठीच्या लेखनाला त्यातही सूट आहे. तुमच्या मचाणावरच्या गोधडीला त्या कलमापासून काही धोका नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण शब्दांचा विचार करताना ती टाळता येत नाही. ती रात्र तिच्या मनाविरुद्ध असेल तर? तर वरचं एकही वाक्य चालणार नाही. 'जवळ घेतलं', 'मीलन', 'तो तिच्यात विरघळला' असले शब्द जबरदस्तीवर घातले की लेखक जबरदस्ती करणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. 'अब्रू घेतली', 'इज्जत लुटली', 'अतिप्रसंग' हे त्याहून वाईट, कारण त्यांत गुन्हा त्याचा आणि गेलेली वस्तू तिची. आपल्या बातम्यांनी हे शब्द वर्षानुवर्षं चालवले आणि गावात ज्या मुलीवर अत्याचार झाला तिलाच घराबाहेर पडणं अवघड केलं. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला कायदा आजही बलात्कार म्हणत नाही. कथेला ती अडचण नाही. तिथं बोलीतलं साधं वाक्य पुरेसं असतं : 'मी नाई म्हटलं, तरी.' यापुढे एक शब्दही लागत नाही. लेखकानं त्या वाक्याशेजारी चांदणं आणू नये, वारा आणू नये.

शेवटी तुमच्या कच्च्या खर्ड्यातली एक बारीक गोष्ट. संवादात 'जवय' आणि निवेदनात 'जवळ', असं तुम्ही दोन्ही लिहिलं आहे. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, डोळा 'डोया' आणि काळा 'काया', तेव्हा संवादात 'जवय'च ठेवा. निवेदन जर बाहेरून, सगळं पाहणाऱ्याच्या तोंडून असेल तर तिथं 'जवळ' ठीक. पण तुमची कथा जवळजवळ सगळी तिच्या मनातून चालते. ओसरीतल्या पोरांचा विचार तिचा, कापसाच्या उकाड्यानं येणारी खाज तिची. म्हणून मचाणावरच्या त्या पानापुरतं निवेदनही तिच्याच बोलीत येऊ द्या : 'ती त्याच्याजवय सरकली.' पान उलटून सकाळ झाली, सासू ओसरीत बोलायला लागली, की 'जवळ'वर परत या. मुद्रितशोधकाला मात्र आधीच कळवून ठेवा, नाहीतर तो त्या पानावरचे सगळे 'य' इमानानं 'ळ' करून टाकील.