तो एकच प्रसंग पुन्हा पुन्हा का बघतो?

“मॅडम, पोरगं हातातून चाललंय,” खुर्चीत नीट बसायच्या आधीच आई बोलायला लागली. मुलगा नववीतला. दाराशीच उभा राहिलेला, नजर स्वतःच्या पायांकडे.

तक्रार अशी होती. वडिलांचा मोबाईल घेऊन तो रात्री पांघरुणात शिरतो आणि ‘स्क्विड गेम’ बघतो. माणसं पटापट गोळ्या घालून मारतात, याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. “आणि परवा जेवताना ह्यांना विचारलं, ‘पप्पा, पैशासाठी कुणी खेळायला बोलावलं तर तुम्ही जाल?’ हे ताट सरकवून उठले. मॅडम, माझा मुलगा क्रूर होत चाललाय का?”

ही कोरियन मालिका सप्टेंबर २०२१मध्ये आली, तेव्हापासून समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला बऱ्याच आईवडिलांनी विचारला आहे. मालिका मोठ्यांसाठी आहे आणि चौदा वर्षांच्या मुलाने ती एकट्याने रात्री बघू नये, हे मी स्पष्ट सांगते. लहान मुलं तर खेळ जसाच्या तसा उचलतात. त्याच वर्षी बेल्जियममधल्या एका शाळेला पालकांना सावध करावं लागलं होतं, कारण मुलं मालिकेतला पहिला खेळ मैदानात खेळून हरणाऱ्याला मारहाण करत होती. तिथे सरळ ‘नाही’ म्हणावं. पण एखादं मूल ठरावीक प्रसंगच पुन्हा पुन्हा लावत असेल, तर मी आधी विचारते, कोणता?

आईला मी बाहेर बसायला सांगितलं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पहिल्या भागातला. वसुलीवाले पकडतात तो.”

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नायक सोंग गि-हुन कर्जात बुडालेला आहे. सावकाराची माणसं त्याला गाठतात, मारतात आणि त्याच्याच नाकातल्या रक्ताने कागदावर अंगठा उठवून घेतात. पैसे आले नाहीत तर तुझे अवयव आमचे. अशा ४५६ कर्जबाजारी माणसांना लहानपणीचे खेळ खेळायला नेतात. हरला तो मेला. एकेका मरणामागे बक्षिसात १० कोटी वॉनची भर पडत जाते.

“आणखी कोणता प्रसंग?”

“दुसरा भाग. मतदानाचा.” त्याला आकडे तोंडपाठ होते. पहिल्या खेळातून २०१ जण वाचतात. थांबायच्या बाजूने १०१ मतं, पुढे खेळायच्या बाजूने १००. सगळ्यांना घरी सोडतात. “पण त्यातले १८७ परत येतात, मॅडम. कुणी पकडून आणत नाही. आपले आपण येतात.”

“का येत असतील?”

“बाहेरपण तेच असतं ना.”

त्या दुसऱ्या भागात खेळ नाहीत, गोळीबार नाही. मतदान झालं की आहेत ती फक्त त्या माणसांची घरं. ज्याला रक्तपाताची चटक लागली आहे, असा मुलगा हा भाग पुढे सरकवेल. हा तिथेच थांबत होता. पाणी देऊन मी विचारलं, “फोनवर कुणी काही बोललं का तुला?”

तो रडला नाही. फक्त भरभर बोलत सुटला. पप्पा अंघोळीला गेलेले असताना त्याने त्यांचा फोन उचलला होता. समोरच्याने शिव्या घातल्या आणि म्हणाला, तुझ्या बापाला सांग, पैसे नसतील तर किडनी वीक. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पप्पा झोपले की तो त्यांचा फोन आपल्याकडे घ्यायचा. रात्री येणारे मेसेज पप्पांनी बघू नयेत म्हणून. मालिका त्याच फोनवर, जागं राहण्यासाठी, एका मित्राच्या पासवर्डने. आई ज्याला बिघडणं म्हणत होती, ती त्याची रात्रपाळी होती.

हे घरी सांगायला मी त्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, “आधी पप्पांना सांगा. आईला पप्पाच सांगतील.”

त्या रात्री मी मालिका पुन्हा लावली. पहिल्यांदा पाहिली होती ती पालकांना उत्तर देता यावं म्हणून. या वेळी गि-हुनच्या जुन्या आयुष्याकडे नीट लक्ष गेलं. तो मोटार कारखान्यातला कामगार. कपातीत नोकरी गेली, मग चिकनचं दुकान काढलं, तेही बुडालं. यामागे खरी घटना आहे. २००९ साली दक्षिण कोरियातल्या प्योंगतेक शहरात सांगयाँग मोटर कारखान्यात मोठी कपात झाली, कामगारांनी ७७ दिवस कारखान्यात ठाण मांडलं आणि पोलिसांनी त्यांच्यावर बळाचा वापर केला. मालिकेचे लेखक-दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी ही कल्पना त्याच सुमारास लिहायला घेतली होती. तेव्हा ते स्वतः पैशाच्या तंगीत होते, लॅपटॉप विकायची वेळ आली होती. मालिका प्रत्यक्षात आली त्या वर्षी दक्षिण कोरियातल्या कुटुंबांचं एकूण कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पादनापेक्षा जास्त होतं. माझ्यासमोरच्या मुलाचे वडील यंत्रमागवाले. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) सूतवाल्याची उधारी, बँकेचा हप्ता, तो भरायला मोबाईल ॲपवरून कर्ज, ते फेडायला दुसरं ॲप. बंद पडलेले माग आणि कोरियातलं ते बुडालेलं दुकान या मुलाने स्वतःच जोडून घेतलं होतं. घरात कुणी काही सांगत नव्हतं, मालिका सांगत होती.

वडील दोन दिवसांनी एकटे आले. मुलाने फोन उचलल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मी त्यांना मालिकेतल्या चो सांग-वूबद्दल सांगितलं. सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकलेला, सगळ्या वस्तीला ज्याचा अभिमान. शेअर बाजारात बुडालेला, आईचं दुकानसुद्धा गहाण टाकून बसलेला. आणि आई बाजारात मासळी विकता विकता सगळ्यांना सांगते, पोरगा कामासाठी अमेरिकेला गेलाय.

“पुढं काय होतं त्याचं?” त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजामुळे मी गोष्ट तिथेच सोडली आणि सरळ विचारलं, “तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?”

असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात येतो, असं पुष्कळांना वाटतं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव उलटा आहे. विचारलं की माणूस पहिल्यांदा श्वास सोडतो. ते म्हणाले, “येतो. हप्त्याची तारीख जवळ आली की येतो.”

त्यानंतर बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. त्याच दुपारी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. बायकोला फोन करून बोलावून घेतलं आणि त्यांनी तिला माझ्यासमोरच सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये घातला. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बायको मात्र रडली नाही, रागावली. “मला शत्रू समजलात का?” एवढंच म्हणाली.

कर्जाचं पुढच्या आठवड्यात बघितलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्याने सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नसतो, शिवीगाळ, धमकी तर नाहीच. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर आणि फोटो काढून घ्यायचे नाहीत, हे २०२२पासून ठरलेलं आहे. यांना यातलं काही माहीत नव्हतं. दोन ॲपमागे नोंदणीकृत कर्जसंस्थाच सापडेना. धमक्यांचे मेसेज न पुसता जपून ठेवले, १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार केली. बँकेकडे हप्ता कमी करून मागितला. कर्ज मिटलेलं नाही. मिटायला काही वर्षं लागतील.

मग तिघांना एकत्र बसवलं. वडिलांनी मुलाला मोजक्या शब्दांत सांगितलं, कुणाचं देणं आहे, ते कसं फेडणार, आणि किडनी वगैरे कुणीही घेऊ शकत नाही. मुलाने ऐकून घेतलं. मग त्याच्या मनात होतं तेच विचारलं, “पण पप्पा, ते १८७ जण परत गेले.”

वडिलांनी मालिका पाहिली नव्हती, तरी त्यांना कळलं. “मलापण परत तसलं ॲप उघडावंसं वाटेल,” ते म्हणाले. “वाटलं तर आधी तुझ्या आईला सांगीन.”

“आणि मला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

“तुलापण सांगीन. पण फोन तू उचलायचा नाहीस. ते काम माझं.”

पुढच्या खेपेला आई एकटीच आली. मोबाईल रात्री आता तिच्या उशाशी असतो, म्हणाली. मालिकेचं काय, असं मी विचारलं तर तिला क्षणभर आठवावं लागलं. “ती होय? विचारलंच नाही मी. हल्ली नऊला झोपतो तो. सकाळी उठवावं लागतं.”