वाचक विचारतात: कार्लाइलच्या पोरांचा १९१२चा सीझन

प्रश्न: एका व्हिडिओत बघितलं की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तरुणपणी कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळायचे आणि रेड इंडियन पोरांच्या एका टीमने त्यांना असं लोळवलं की गुडघाच गेला, करिअर खल्लास. खरंय का हे? आणि ती पोरं कोण?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: अर्धं खरं, अर्धं फोडणी दिलेलं. मॅच झाली ९ नोव्हेंबर १९१२ला, वेस्ट पॉइंटला, म्हणजे आर्मीच्या (अमेरिकन लष्कराच्या कॉलेजची टीम, आयझेनहॉवर तिचाच) घरच्याच मैदानावर. समोर पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूल ह्या रेड इंडियन पोरांच्या शाळेची टीम, कोच पॉप वॉर्नर, कॅप्टन जिम थॉर्प, जो त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची दोन गोल्ड घेऊन आला होता. नावाला शाळा, पण थॉर्प तेव्हा पंचविशीचा, आणि खेळायचे हार्वर्ड, पेन (पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी) अशा बड्या कॉलेजांशी.

पहिला टचडाउन (बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाची रेषा ओलांडणं) आर्मीचाच. पण हाफटाइमला कार्लाइल ७-६ पुढे आणि मग आर्मीची पार दमछाक, कारण वॉर्नरने दोन्ही हाफबॅक (मागून बॉल घेऊन पळणारे) पुढच्या रांगेच्या टोकांना नेऊन उभे केले होते, आता बॉल घेऊन कोण पळणार, कुठून पळणार, की पास जाणार, समोरच्या दांडग्या पोरांना काही टोटलच लागेना. आर्मीचा कॅप्टन डेव्होर इतका भडकला की कार्लाइलच्या गायोनला तुडवायला गेला आणि मैदानाबाहेर काढला गेला. फायनल स्कोअर २७-६. गंमत म्हणजे नाव सगळीकडे थॉर्पचं, पण तीन टचडाउन मारले त्याच्याच टीममधल्या अर्कासाने, थॉर्पच्या खात्यात त्या दिवशी एकही नाही (एक मारला होता, तो पेनल्टीमुळे कॅन्सल झाला).

राहिला गुडघा. आयझेनहॉवर आणि त्याच्या एका जोडीदाराने थॉर्पला दोन्हीकडून धडकून बाहेर काढायचा घाट घातला होता, तो फसला, आणि गुडघा तिथे दुखावला हे खरंच. पण तो मोडला पुढच्या आठवड्यात, टफ्ट्स कॉलेजविरुद्ध. थॉर्पने संपवलं वगैरे सगळं नंतरचं मीठमसाला.

प्रश्न: फुटबॉल म्हणता आणि बॉल हातात घेऊन पळतात, हे काय? आणि टचडाउनला ६ पॉइंट पहिल्यापासूनच होते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: हा अमेरिकन फुटबॉल, आपला नाही, रग्बीच्या घरातला. टचडाउनचे ५चे ६ नेमके १९१२च्याच सीझनला झाले, मैदान १०० यार्डांवर आलं आणि १० यार्ड पुढे जायला तीनच्या जागी चार चान्स मिळायला लागले. पुढे फेकायचा पास त्याआधीच, १९०६ला चालू केलेला, कारण नुसत्या ढकलाढकलीत दरवर्षी पोरं मरत होती. ह्या सगळ्याचा फायदा वजनापेक्षा पळणाऱ्यांना, आणि कार्लाइलकडे तेच होते.

प्रश्न: मग ती टीम चॅम्पियन झाली का? पुढे काय झालं तिचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: १२ जिंकल्या, १ हरली, १ बरोबरीत. आर्मीला हरवून आठवडा होतोय तोच पेनकडून ३४-२६ने आपटले, थॉर्पचे सीझनमध्ये २५ टचडाउन असून.

पण लोक ह्याला नुसती इंडियनांनी आर्मीवर घेतलेल्या बदल्याची गोष्ट करतात ते मला पटत नाही. ही शाळा १८७९ला एका आर्मी ऑफिसरने जुन्या लष्करी बराकीत काढली, काम एकच, पोरांचे केस कापायचे, भाषा सोडायला लावायची आणि ‘इंडियन’पणच पुसून टाकायचं. आणि तीच शाळा ‘इंडियन्स’ नावाने टीम गावोगावी फिरवून गेटचा पैसा गोळा करत होती, त्याच्या चाव्या वॉर्नरकडे. शेवटी टीमच्याच क्वार्टरबॅकने, गस वेल्शने, तक्रारीच्या अर्जावर पोरांच्या सह्या घेतल्या, १९१४ला अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली, वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला, आणि १९१८ला शाळाच बंद झाली.

प्रश्न: थॉर्पची मेडलं काढून घेतली म्हणतात, ती परत मिळाली का?
– एक वाचक, पणजी

उत्तर: १९१३ला काढली, का तर आधी थोड्याफार पैशांवर बेसबॉल खेळला म्हणून (ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी). तो गेला १९५३ला. १९८३ला घरच्यांना मेडलं दिली पण संयुक्त विजेता म्हणून, आणि एकटा विजेता असं नाव लागायला २०२२ उजाडलं.