नमुना एकच, बायका 120. आणि वानगीतलं ‘वानी’

परभणीच्या एका समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीनं विचारलंय: ‘मी 120 शेतमजूर महिलांच्या मुलाखती घेतल्या. प्रबंधात “120 नमुने निवडले” असं लिहिलं तर चालेल का? की “नमुना” सोडून “प्रतिदर्श” लिहू?’

नाही चालणार. तुम्ही नमुना एकच घेतलात, त्यात 120 जणी आहेत. 120 हा नमुन्याचा आकार. तरीही ‘300 नमुने’, ‘50 नमुने’ अशी वाक्यं प्रबंधामागून प्रबंधात वाचावी लागतात, तोंडी परीक्षेत ऐकावी लागतात आणि कुणी हटकत नाही. ही नुसती भाषेची चूक असती तर मी इतका वैतागलो नसतो. एकाच समष्टीतून, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या सगळ्या शेतमजूर महिलांतून, पुन्हा पुन्हा नमुने काढले तर त्यांची सरासरी मजुरी दर वेळी थोडी वेगळी येईल. ती किती हलेल याचा अंदाज म्हणजे प्रमाण त्रुटी, आणि तो अंदाज आपण एकाच नमुन्यावरून बांधतो: प्रमाण विचलनाला, म्हणजे एकेकीची मजुरी सरासरीपासून साधारण किती दूर आहे त्या मापाला, 120 च्या वर्गमुळानं, म्हणजे साधारण 11 नं, भागून. ज्याच्या डोक्यात प्रत्येक बाई हाच एक नमुना आहे, त्याला हा भागाकार कशासाठी करायचा ते जन्मात कळणार नाही.

ही खोड आली कुठून? माझ्या मते माती परीक्षणातून. तिथं शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घेतात, ती एकत्र करतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जातात आणि उरलेली अर्धा किलो पिशवीत भरतात. ती पिशवी हा एक नमुना, आणि 120 शेतांच्या पिशव्या म्हणजे 120 नमुने. तिथं ते बिनचूक आहे. पण बाई म्हणजे पिशवी नव्हे.

सातबाऱ्यातला गाव नमुना आणि ‘काय नमुना आहे!’ मधला नमुना सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. शब्द फारसी, मुळात ‘नुमूदन’ म्हणजे दाखवणं. रहनुमा म्हणजे वाट दाखवणारा. हैदराबादची ‘नुमाइश’, म्हणजे प्रदर्शन, आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल, तीही याच घरातली.

पण खरी गंमत आपल्या ‘वानगी’त आहे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनची पोती उतरली की खरेदीदार टोकदार पोकळ नळी पोत्याच्या कुशीत खुपसतो, घरंगळत आलेले दाणे तळहातावर घेतो, काडीकचरा फुंकतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल बघतो आणि मग भाव बोलतो. ते मूठभर दाणे म्हणजे वानगी. काही कोशकार हा शब्द ‘बयाणा’ला ‘गी’ लावून झाला असं सांगतात. त्यांनी एकदा तरी बाजारात उभं राहायला हवं होतं. बयाणा सौदा ठरल्यावर देतात आणि देतो तो घेणारा. वानगी सौद्याआधी बघतात आणि ती मालातून निघते. ‘मर्दानगी’त ‘गी’ आहे एवढ्यावरून वानगीला फारसी ठरवणं हा आळस आहे. शेवटचं ‘गी’ त्या शब्दांच्या नादानं जोडलं गेलं असेलही, धातू मात्र घरचा आहे.

माझं ठाम मत: वानगी ‘वर्णा’तून आली. संस्कृतातला ‘र्ण’ मराठीत येताना ‘न’ होतो. कर्णाचा कान, पर्णाचं पान, जीर्णाचं जुनं, सुवर्णाचं सोनं. मग वर्णाचा वान. याउलट सुटा ‘न’ आपल्याकडे ‘ण’ होतो: जन-जण, पानीय-पाणी, भगिनी-बहीण. म्हणून संक्रांतीचं वाण हे ‘वायन’, त्याचा इथं संबंध नाही. ‘वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण म्हणजे रंगच, पण त्यात ‘ण’ दिसतो तो संस्कृत वर्णाच्या ओढीनं आला असणार. ‘किती वानू’ मधलं वानणं म्हणजे वर्णनच. आणि वर्ण म्हणजे नुसता रंग नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याचा कस ‘वर्णका’त मोजलाय, अस्सल सोनं सोळा वर्णकांचं. दगडावर रेघ ओढायची, तिचा रंग बघायचा, त्यावरून अख्ख्या लगडीचा कस सांगायचा. संख्याशास्त्रातल्या ‘काय-वर्ग कसोटी’तली (chi-square test) कसोटी हीच, त्याच सोनाराच्या पेढीवरची!

शेतातलं पहिलं पीक, हुरडा नाहीतर भुईमुगाच्या शेंगा, लेकीच्या सासरी धाडतात तो वानोळा. ‘यंदा असं पिकलंय’ हे दाखवणारा तो घास मी याच रांगेत बसवतो. आणि आपल्या बोलीतलं ‘लेकरावानी’, ‘येड्यावानी’? कुणी म्हणेल ते ‘वाणी’, म्हणजे बोलणं, यातून आलं. लेकरावानी झोपला, यात बोलणं कुठून आलं? लेकराच्या वर्णाचा, लेकराच्या जातीचा, तेच ते. म्हणजे नमुन्याची सगळी अट या एका प्रत्ययात आहे: जो समष्टीवानी असेल तोच नमुना. ‘प्रातिनिधिक’ म्हणताना जीभ अडखळते, ‘समष्टीवानी’ आमच्या गावातल्या कुणालाही कळतं.

तुमच्या 120 जणी तशा आहेत का, हे बघा. बचत गटाच्या बैठकीत गाठल्या असतील तर तो दाखवण्यापुरता पोत्याच्या तोंडाशी भरलेला निवडक माल. बीडकडच्या गावात दिवाळीनंतर गेला असाल तर ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या बायका मतदारयादीत सापडतील, गावात नाही. असा दोष आकार वाढवून जात नाही. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणीबद्दल हेच दाखवलं: मोजणीचा वाफा फार लहान घेतला की काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. असे वाफे शेकड्यानं घ्या, आकडा फुगलेलाच राहतो.

‘प्रतिदर्श’ हा हिंदीतला सरकारी शब्द, तो आणू नका. 1950 मध्ये सुरू झालेल्या पाहणीला आपण ‘राष्ट्रीय नमुना पाहणी’ म्हणतो, त्यात कुणाचं अडलं नाही. ‘120 शेतमजूर महिलांचा नमुना’ असं लिहा. त्यापुढच्याच ओळीत नावं कोणत्या यादीतून, कोणत्या महिन्यात आणि कशी काढली ते लिहा, आणि ज्या भेटल्या नाहीत त्यांचाही आकडा द्या.