पुण्यात सोसायटीच्या टँकरचं पाणी बागेला आठवड्यातून दोनदाच मिळतं. मे महिन्यात लॉन कसं जगवायचं?

दोनदा पुरेसं आहे, फक्त पाणी खोल जायला हवं. रोज संध्याकाळी पाइपने शिंपडलं की वरचा अर्धा इंच ओला होतो, मुळं वरच राहतात आणि दुपारच्या उन्हात होरपळतात. त्यापेक्षा पहाटे सावकाश, मुरेल असं द्या. नंतर मातीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा, चार-पाच इंच सहज गेला तर झालं. हिशोब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाणी म्हणजे 1 लिटर. आठवड्याला 25 मिमी धरलं तर 500 चौरस फुटांना साधारण 1150 लिटर लागतात.

कापणी कमी करा. गवत दोन-अडीच इंच राहू द्या, त्याच्याच सावलीत माती थंड राहते. युरिया आत्ता नकोच. कोवळी पालवी फुटली की पाण्याची मागणी वाढते.

एवढं पाणीही नसेल तर लॉन हरळीचं आहे का ते बघा. हरळी वरून वाळली तरी जमिनीखालचे धावते कोंब जिवंत असतात, जूनच्या पावसात ती परत हिरवी होते. शेतकरी तिला उपटून उपटून थकतात, ते उगाच नाही! कोरियन गवत किंवा कार्पेट ग्रास इतकं चिवट नसतं. तिथे सगळीकडे थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा सावलीतला तुकडा वाचवा, उरलेला सोडून द्या.

आरओचं वाया जाणारं पाणी साध्या पाण्यात मिसळून चालेल. नुसतं तेच दिलं तर क्षार साठतात.