झगा नंतर, बैठक आधी

जेडी मार्गावर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या जेडी योद्ध्यांपासून प्रेरणा घेतलेल्या साधनेच्या वाटेवर, नवीन आहेस, म्हणून आधीच सांगतो: जेडींचा झगा आणि लाइटसेबर (त्यांची प्रकाशाची तलवार) घ्यायची घाई करू नकोस. पोशाख करून चाहत्यांच्या मेळाव्याला जाण्यात वाईट काही नाही, मीही आनंदाने जातो. पण ती हौस झाली. साधना म्हणजे रोज वीस मिनिटं शांत बसणं, राग चढायला लागला की तो ओळखणं, आणि रात्री वहीत दिवसभराचं खरंखुरं लिहिणं. वही तर अजिबात टाळू नकोस. मला माझा हट्टीपणा तिथेच दिसला.

लोक हसतील. २००१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ३,९०,००० जणांनी धर्म ‘जेडी’ लिहिला, त्यातल्या अनेकांनी गंमत म्हणून. २०१६मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने एका जेडी संस्थेची नोंदणी नाकारली. वाद घालू नकोस. मूळ कथा १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली आहे, हे मोकळेपणाने सांग आणि सकाळी पुन्हा बैठकीला बस.