परफॉर्मन्स कॅमशाफ्ट ऑनलाइन घेतलाय, गॅरेजमध्ये नुसता बसवून घ्यायला किती खर्च येईल?

इंजिन न बघता फोनवर आकडा सांगेल त्याच्याकडे जाऊच नका. मजुरी तासांवर ठरते. पार्ट कितीला घेतला याच्याशी तिचा संबंध नाही, तिथवर पोहोचायला काय काय खोलावं लागतं याच्याशी आहे. कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. ओव्हरहेड कॅम असेल तर वरचं कव्हर काढलं की कॅम समोर दिसतो. पुशरॉड इंजिनात तो ब्लॉकमध्ये असतो, मग रेडिएटर, टायमिंग कव्हर, सगळंच उतरवायचं. वर गॅस्केट, सील, ऑइल, आणि लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) जास्त असेल तर कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग. डायनोवरचं (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) ट्यूनिंग बहुधा वेगळं लावतात.

आता तुमचा तो ‘नुसता’. माझं गॅरेज आहे आणि हा शब्द मी घरातूनच ऐकलाय. आमचे साडूभाऊ असाच कॅम घेऊन आले. म्हणे, पुलीवरच्या टायमिंगच्या खुणा जुळव, बेल्ट चढव, झालं काम. खुणा मी जुळवल्या. मग क्रँकला, म्हणजे पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्याला, अंशांची चकती लावली, इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंग धरणाऱ्या टोपीवर) डायल गेज टेकवला आणि पान्याने क्रँक सावकाश फिरवला. कॅमबरोबरच्या कार्डावर इनटेकची सेंटरलाइन (इनटेक व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो तो क्रँकचा कोन) १०८ अंश छापलेली, चकती ११२ दाखवत होती. खुणा समोरासमोर, तरी कॅम ४ अंश मागे! हेडला (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला) पूर्वी फेस मारून, म्हणजे खालून घासून सपाट करून, आणला होता. हेड खाली बसलं की बेल्टवरचा कॅम मागे पडतो, त्यात नव्या कॅमच्या बनावटीतला थोडाफार फरक. तसाच सोडला असता तर खालच्या आरपीएमला गाडी मेंगळट झाली असती आणि शिव्या मला बसल्या असत्या.

पुली ॲडजस्टेबल होती म्हणून कॅम पुढे घेता आला. पण कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, त्यामुळे ते अंतरही मोजणं आलं. इनटेकला साधारण २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी तरी मोकळं हवं. व्हॉल्व्ह पिस्टनला लागला तर वाकतो, आणि मग जो खर्च येतो त्यात मजुरीची घासाघीस कुणाला आठवत नाही.

साडूभाऊंचं म्हणणं आजही एकच: खुणा जुळत होत्या, मग त्या चकतीचे पैसे कसले? चारचौघांत हसत हसत सांगतात, वर ‘घरच्या माणसाला सुद्धा’ जोडून. अहो, बोल्ट फिरवायला कोणीही मिळतो, मोजायला बसणाऱ्याचे पैसे असतात.

तर कोटेशन मागताना खोलणं-बसवणं, सामान, मोजमाप आणि ट्यूनिंग वेगवेगळं लिहून घ्या. पार्ट तुम्ही आणलेला असल्याने त्याची वॉरंटी गॅरेज सहसा घेत नाही. तो सदोष निघाला तर दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरीही तुमचीच, हे आधी बोलून घ्या.

हां, हे सगळं कॅमपुरतं. एअर फिल्टर किंवा स्पार्क प्लगसारखं काही असेल तर घरी बसवा, उगाच मजुरी देऊ नका. आणि मोजमापाचे पैसे लावणारी सगळीच गॅरेजं मोजतात असंही नाही. बिलाबरोबर आकडे लिहिलेला कागद मागा, नाही दिला तर ते पैसे कापा. साडूभाऊंना तो कागद दिलेला आहे, चारचौघांत तेवढं सांगायचं राहून जातं.