उबुंटू अपग्रेडनंतर मराठी लोकेल बिघडले. सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करावे का?

आपण लिहिले आहे की उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेल्यानंतर मेनू इंग्रजीत आले, एपीटी या कमांडने काहीही बसवायला गेले की पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा ‘लोकेल लावता आले नाही’ अशी तक्रार करते, आणि टर्मिनलमध्ये ‘एलएस’ ही फाइलींची यादी देणारी कमांड दिल्यावर मराठी नावांच्या फाइली आकड्यांच्या रांगा होऊन समोर येतात; म्हणून डिस्क पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का, असा आपला प्रश्न आहे. तसे मुळीच करू नका. आपल्या फाइलींना, त्यांच्या नावांना किंवा सिस्टिमच्या गाभ्याला काहीही झालेले नाही, आणि हे काम बहुधा अर्ध्या तासात मार्गी लागते. पुढे कमांड आणि फाइलींची नावे मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, आणि लोकेलच्या सेटिंगमधील लँग व लँग्वेज ही नावे आणि एलसीने सुरू होणारी नावे मोठ्या अक्षरांत टाइप करावीत. ‘एमआर_आयएन’ या मराठी लोकेलच्या नावात एमआर लहान आणि आयएन मोठे असते, आणि तेथे चूक चालत नाही.

फाइली शाबूत आहेत याची खात्री करून घ्यायची असेल, तर तेच फोल्डर टर्मिनलऐवजी ‘फाइल्स’ या खिडकीत उघडून पाहा. तेथे नावे बहुधा व्यवस्थित मराठीत दिसतील, कारण तो प्रोग्राम फाइलींची नावे यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या एन्कोडिंगमध्येच आहेत असे गृहीत धरून चालतो आणि लोकेलला, म्हणजे सिस्टिमच्या भाषा-सेटिंगला, विचारत बसत नाही. ‘एलएस’ मात्र विचारतो. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांत साठवले जाते आणि ते तीन बाइट अष्टमान पद्धतीत ३४०, २४४, २५६ असे लिहिले जातात. ‘र’ साठी ३४०, २४४, २६० आणि दीर्घ वेलांटीसाठी ३४०, २४५, २०० येतात. आपल्या रांगांमध्ये दर तीन आकड्यांनी ३४० दिसत असेल आणि त्याच्या मागे २४४ किंवा २४५ असेल, तर ती आपलीच देवनागरी आहे. फक्त ‘एलएस’ला ती अक्षरे म्हणून छापण्याची परवानगी राहिलेली नाही. याउलट अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असते तर दोष फॉन्टचा असता, आणि प्रत्येक अक्षरामागे तीन-तीन परकी युरोपीय चिन्हे दिसत असती तर कोणीतरी यूटीएफ-८ मजकूर लॅटिन-१ हे जुने युरोपीय एन्कोडिंग समजून वाचत आहे असा अर्थ झाला असता. या तीन दुखण्यांवर तीन वेगळी औषधे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला देऊन लोक तासन्‌तास घालवतात, म्हणून हे आधी सांगितले.

आता मूळ कारणाकडे वळू. लोकेल म्हणजे भाषा, लिपीचे एन्कोडिंग, तारीख, चलन, अकारविल्हे क्रम अशा नियमांचा एक संच असतो. मराठीसाठीच्या नियमांचा कच्चा माल ‘/यूएसआर/शेअर/आय१८एन/लोकेल्स’ या फोल्डरात असतो, पण प्रोग्राम तो थेट वापरत नाहीत. त्यापासून ‘लोकेल-जेन’ ही कमांड तयार माल बनवते आणि तो ‘/यूएसआर/लिब/लोकेल’ मध्ये ठेवते. अपग्रेडमध्ये जीलिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररी बदलली की (२२.०४ मध्ये २.३५ होती, २४.०४ मध्ये २.३९ आहे) हा तयार माल पुन्हा बनवावा लागतो. अपग्रेड मध्येच तुटले, डिस्क भरली, किंवा मराठीचे लँग्वेज पॅक वाटेत काढून टाकले गेले, तर मराठीचा माल बनत नाही. आपली जुनी सेटिंग मात्र ‘मला एमआर_आयएन हवे’ अशी मागणी करतच राहते, आणि मागितलेले कोठारात नसल्यामुळे प्रोग्राम ‘सी’ या आदिम लोकेलवर उतरतात, ज्याला इंग्रजीची साधी अक्षरे सोडून काहीच माहीत नाही. त्यामुळे दोनच गोष्टी शोधायच्या आहेत: कोण काय मागत आहे, आणि कोठारात काय आहे.

टर्मिनल उघडते आहे हे आपले नशीब समजा. ग्नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपचे टर्मिनल यूटीएफ-८ नसलेल्या लोकेलवर चालायला तयार नसते, आणि ते उघडतच नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांचे खरे दुखणे लोकेलचेच निघते. पुढेमागे तसे झालेच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर जाता येते. तेथे देवनागरी दिसणार नाही, पण तो त्या कन्सोलचा स्वभाव आहे, नवा बिघाड नव्हे.

दुरुस्तीपुरता आडोसा म्हणून त्या टर्मिनलमध्ये ‘एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ असे द्यावे. हे लोकेल बनवावे लागत नाही, ते उबुंटूत कायम हजर असते. तेवढ्याने पर्लची तक्रार थांबते आणि ‘एलएस’ मराठी नावे पुन्हा दाखवू लागतो. पण ही ओळ ‘.बॅशआरसी’ या टर्मिनल उघडताना दरवेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीमध्ये कायमची टाकू नका. कारण पुढे येईलच.

मग नवे टर्मिनल उघडून त्यात नुसते ‘लोकेल’ टाइप करा. येणाऱ्या यादीत ज्या किमती अवतरणचिन्हांत असतील त्या लँग किंवा एलसी_ऑलवरून ओघाने आलेल्या असतात आणि ज्या अवतरणचिन्हांशिवाय असतील त्या कोणीतरी मुद्दाम ठरवलेल्या असतात. हा बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो, पण गुन्हेगार शोधताना तोच उपयोगी पडतो. त्यानंतर ‘लोकेल -ए’ द्या, म्हणजे कोठारातील खरा माल दिसेल. तेथे एमआर_आयएन नसेल तर निदान झाले. खात्रीसाठी ‘लोकेल चारमॅप’ विचारा: उत्तर यूटीएफ-८ आले तर ठीक, आणि ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’ असे काहीतरी आले तर ते आस्की या फक्त साध्या इंग्रजी अक्षरांच्या एन्कोडिंगचे जुने अधिकृत नाव आहे आणि आपण ‘सी’ वर उतरलेले आहात.

दुरुस्ती करण्याआधी ‘डीएफ -एच’ ने मुख्य डिस्कवर जागा आहे ना ते पाहा, आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ देऊन अपग्रेडमध्ये अर्धवट राहिलेले काही असेल तर ते पुरे होऊ द्या. नंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लँग्वेज-पॅक-एमआर लँग्वेज-पॅक-ग्नोम-एमआर’ द्या. उबुंटूत मुख्य पॅकेजांची भाषांतरे काढून या लँग्वेज पॅकांत ठेवलेली असतात, त्यामुळे लोकेल तयार असूनही पॅक नसेल तर तारीख मराठीत आणि मेनू इंग्रजीत असा खिचडी प्रकार होतो. पॅक बसताना मराठीचे लोकेलही बनवले जाते. आणखी काही राहिले आहे का हे ‘चेक-लँग्वेज-सपोर्ट -एल एमआर’ सांगते.

तरीही ‘लोकेल -ए’ मध्ये मराठी आले नाही, तर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवा. येणाऱ्या लांबलचक यादीत बाणाने एमआर_आयएनवर जाऊन स्पेसबार दाबायचा असतो, म्हणजे तिथे तारा उमटतो. मग टॅबने ‘ओके’वर जाऊन एंटर. पुष्कळ जण ओळीवर उभे राहून थेट एंटर दाबतात, काहीच निवडले जात नाही, आणि ‘मी हेही करून पाहिले’ असे सांगतात. ‘/इटीसी/लोकेल.जेन’ ही फाइल हाताने बदलणार असाल तर एक सावधगिरी बाळगा: अमेरिकन इंग्रजीच्या ओळीत नावाला ‘.यूटीएफ-८’ ही शेपूट जोडलेली असते, मराठीच्या ओळीत मात्र नाव नुसते एमआर_आयएन असून त्यापुढे जागा सोडून यूटीएफ-८ येते. म्हणून इंग्रजीच्या धर्तीवर नवी ओळ रचण्याऐवजी तेथे असलेल्या ओळीपुढचे हॅश चिन्ह काढावे आणि ‘सुडो लोकेल-जेन’ द्यावे.

माल तयार झाला की मागणी नीट करायची: ‘सुडो अपडेट-लोकेल लँग=एमआर_आयएन’. ही कमांड ‘/इटीसी/डिफॉल्ट/लोकेल’ या फाइलीत नोंद करते, आणि कोठारात नसलेले नाव दिल्यास ते नाकारते, हा तिचा गुण आहे. मग पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा; नुसती खिडकी बंद करून उघडल्याने भागत नाही, कारण जुन्या सत्राने जुनीच किंमत धरून ठेवलेली असते.

बहुतेकांचे काम येथे संपते. माझे संपले नव्हते, आणि चूक माझीच होती. काही वर्षांपूर्वी एका अपग्रेडनंतर घाईत असताना मी तोच एलसी_ऑलचा आडोसा ‘.बॅशआरसी’ मध्ये लिहून ठेवला आणि विसरून गेलो. पुढच्या अपग्रेडनंतर मेनू मराठीत आले, घड्याळ मराठीत आले, पण टर्मिनलमध्ये ‘डेट’ दिले की वार आणि महिना इंग्रजीतच. दोन संध्याकाळी मी लँग्वेज पॅक काढत आणि घालत बसलो. शेवटी ‘लोकेल’च्या यादीत सगळ्यांत खालच्या ओळीकडे लक्ष गेले: एलसी_ऑल रिकामे असायला हवे होते, ते नव्हते. एलसी_ऑल हा सगळ्यांचा वरचढ असतो. त्याच्यानंतर एलसी_टाइमसारखे सुटे घटक, आणि सर्वांत शेवटी लँग. वरचा बोलत असताना खालच्यांना कोणी विचारत नाही.

लँग्वेज नावाचा घटक याहून फसवा आहे. तो फक्त मेनू आणि संदेशांच्या भाषांतरापुरता असतो, त्यात भाषा पसंतीच्या क्रमाने विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडून लिहिलेल्या असतात, आणि संदेशांच्या बाबतीत तो लँगलाही मागे सारतो. त्यात पूर्वीच्या कोणत्या तरी निवडीतून ‘ईएन’ पहिले राहून गेले असेल, तर बाकी सारे मराठी असूनही मेनू इंग्रजीतच राहतील. हे अवशेष ‘/इटीसी/डिफॉल्ट/लोकेल’, ‘/इटीसी/एन्व्हायर्नमेंट’, आणि आपल्या होम फोल्डरातील ‘.प्रोफाइल’, ‘.बॅशआरसी’ व ‘.पॅम_एन्व्हायर्नमेंट’ या पाच ठिकाणी शोधावेत. शेवटची फाइल जुन्या उबुंटूतील भाषा-सेटिंगची खिडकी आपल्या नकळत लिहीत असे, त्यामुळे वर्षानुवर्षे अपग्रेड करत आलेल्या संगणकावर ती आधी पाहावी. फाइल थेट खोडू नका, नाव बदलून बाजूला ठेवा.

लॉगिननंतर ‘फोल्डरांची नावे नव्या भाषेत बदलू का’ अशी खिडकी येऊ शकते. तेथे मी नेहमी जुनीच नावे ठेवा असे सांगतो, कारण होकार दिल्यास डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डर मराठी नावांचे होतात आणि जुन्या मार्गांवर अवलंबून असलेल्या आपल्या लहानसहान स्क्रिप्ट अडतात.

हीच पर्लची तक्रार आपल्याला दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने गेल्यावर दिसत असेल, तर दोष सर्व्हरचा नसतो. डेबियन आणि उबुंटूत एसएसएच आपले लँग आणि एलसीचे घटक सोबत पाठवते. तिकडे मराठीचे लोकेल बनवलेले नसते, म्हणून तो सर्व्हर गोंधळतो. तेथे लोकेल बनवावे, किंवा आपल्याकडील एसएसएचच्या सेटिंगमधली ‘सेंडएन्व्ह’ची ओळ बंद करावी. सर्व्हरचाच विषय निघाला म्हणून एक गंभीर गोष्ट सांगतो. २०१८ च्या जीलिबसी २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, त्यामुळे उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना त्या नियमांवर बांधलेले पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे मजकुराचे इंडेक्स चुकीचे ठरू शकतात आणि ते रीइंडेक्स करावे लागतात. आपल्या २२.०४ ते २४.०४ या प्रवासात ती सीमा ओलांडली जात नाही, पण त्याहून जुना सर्व्हर कोणाकडे असेल तर मेनूच्या भाषेपेक्षा तिकडे आधी पाहावे.

सर्व नीट झाले आहे की नाही याची माझी आवडती चाचणी ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे आहेत. नोटोसारख्या फॉन्टांत या दोन अक्षरांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात, आणि ग्नोममध्ये मजकुराची भाषा वेगळी सांगितलेली नसेल तर कोणते वळण काढायचे ते लोकेलवरून ठरते. लोकेल कोसळलेले असताना हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो; ते जागेवर आले की पाकळ्यांचा आपला ‘ल’ परत येतो. काही मेनू तरीही इंग्रजीत राहतील, पण तेथे त्या प्रोग्रामचे मराठी भाषांतरच अपुरे असते, म्हणून त्यांच्या मागे लागू नका.

कीबोर्डबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक वाक्य: इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड गायब झाला असेल तर त्याचा लोकेलशी संबंध नाही, ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज बसवून सेटिंग्जमधील इनपुट सोर्सेसमध्ये मराठी पुन्हा जोडावे. एवढे करूनही बिघाड राहिला, तर ‘लोकेल’, ‘लोकेल -ए’ आणि ‘/इटीसी/डिफॉल्ट/लोकेल’ या तिन्हींचा मजकूर जसाच्या तसा आपल्या प्रश्नात जोडा, म्हणजे पुढचे पाहता येईल.